माळ कुठला मागायचा?

आम्ही राहतो त्या राजारामपुरीत माळ उरलेला नाही. सरळ आखलेल्या गल्ल्या आहेत, त्यांना पहिली, दुसरी, तिसरी असे आकडे आहेत आणि पत्ता सांगताना माणूस आकडाच सांगतो. गल्ल्यांच्या पलीकडे गेलं की जुनी नावं भेटतात. सागरमाळ त्यातलंच. तिथं आज भिंतीला भिंत लागून घरं आहेत, तरी नावातला माळ काही हललेला नाही. आमच्या कोल्हापूरच्या मुसलमानांची आडनावंही अशीच. फरास, महात, नालबंद, शिकलगार, जमादार. जाजमं अंथरायचं, हत्ती सांभाळायचं, घोड्याला नाल ठोकायचं काम कधीच सुटलं. आडनाव तेवढं रेशनकार्डावर राहिलं. वर्गात हजेरी घेताना ही नावं आम्ही रोज उच्चारतो. एखाद्या फरासला 'तुझ्या नावाचा अर्थ काय रे?' असं विचारलं तर तो शेजारच्याकडे बघतो.

आमच्या नानांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, आडनावात असलं काही नाही. पण त्यांचे अब्बा कोल्हापूर संस्थानच्या शिकारखान्यात गाडीवान होते. त्यांच्या गाडीत माणसं बसायची नाहीत, चित्ता बसायचा. घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण ईदच्या दिवशी शिरखुर्मा झाल्यावर ऐकायची गंमत म्हणून. तिचा कधी कुणाला उपयोग होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो २०२५ साली झाला, आणि तोही अमेरिकेत.

आमचा खालाजाद भाऊ वायोमिंग राज्यात लॅरमी या गावी असतो. तिथं प्राँगहॉर्न नावाचं जनावर माळावर चरतं आणि त्याची शिकार कायदेशीर आहे. पण वाटेल त्यानं, वाटेल तिथं करायची नाही. सरकारनं सगळ्या राज्याचे शंभरावर भाग पाडलेले आहेत, प्रत्येक भागाला आकडा आहे, आणि कुठल्या भागात यंदा किती जनावरं मारायची हे कळपांची गणती करून ठरतं. तेवढेच परवाने निघतात. मागणारे जास्त झाले की सोडत काढतात. अर्जात भागाचा आकडा आपणच लिहायचा, पहिली पसंती, दुसरी पसंती असा. परवाना मिळाला तर तो त्याच भागात चालतो, शेजारच्या भागात पाऊल टाकून बंदूक उचलली की गुन्हा. भावानं हे फोनवर सांगितलं तेव्हा नानी आतून बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "किसका नाम निकला? कुर्रा कब हुआ?" त्यांना वाटलं हज कमिटीचा कुर्रा निघाला. तसं पाहिलं तर त्या फार चुकल्या नव्हत्या. नानांनी तेव्हाच एक वाक्य टाकलं, ते आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे. "चिठ्ठी निकलना अल्ला के हात में है. माळ कौनसा मंगना, वो तेरे हात में है."

भावाला हौस म्हणून शिकार करायची नव्हती, हे इथं सांगायला हवं. त्या गावात हलाल मटण सहज मिळत नाही, लांबून आणावं लागतं. मशिदीतल्या दोघातिघांनी ठरवलं की एकेक परवाना मागायचा, जनावर मिळालं तर मांस वाटून घ्यायचं. त्यासाठी तो शिकारीच्या अभ्यासवर्गाला बसला, परीक्षा पास झाला. तिथं १९६६ साली किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला ही परीक्षा दिल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. बी.एड. करताना आम्हालाही एवढा अभ्यास पडला नसेल, असं तो म्हणाला. आम्ही काही बोललो नाही.

प्राँगहॉर्नला मराठीत नाव नाही, उर्दूतही नाही. ते दिसायला हरणासारखं, पण हरीण नव्हे आणि काळविटाच्या कुळातलंही नव्हे. जिराफ त्याचा जवळचा नातेवाईक आहे म्हणतात. शिंगाला पुढं एक फाटा असतो आणि शिंगावरचं कवच ते दर वर्षी टाकून देतं. धावतं ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास. अमेरिकेत आज त्याच्यामागं एवढ्या वेगानं धावणारं कुठलंच जनावर नाही. मग हा वेग आला कुठून? काही शास्त्रज्ञ म्हणतात, हजारो वर्षांपूर्वी तिथं चित्त्यासारखा एक प्राणी होता. तो नष्ट झाला, पण त्याच्या भीतीनं कमावलेला वेग हरणाच्या पायांत राहून गेला. हे वाचल्यावर आम्हाला वर्गातला तो फरास आठवला.

तर भावासमोर तीन भाग होते. पहिल्यात परवाने भरपूर, नाव लागणार हे जवळजवळ नक्की; पण जमीन बहुतेक खाजगी, मोठमोठ्या गुरेवाल्यांची. मालकानं फाटक उघडलं नाही तर परवाना खिशात घालून रस्त्यावरून हरणं बघायची. दुसरा भाग राज्याच्या पश्चिमेला, जमीन सरकारी, मोकळी, कुणालाही जाता यावं अशी. पण २०२२-२३ चा हिवाळा तिथं इतका कडक गेला की कळपच्या कळप बर्फात उपासमारीनं आणि रोगानं मेले, आणि सरकारनं परवाने कमी केले. तिसरा भाग रेल्वेच्या कडेचा. ही भानगड समजायला आम्हाला दोन फोन लागले. १८६० च्या दशकात रेल्वे टाकताना तिथल्या सरकारनं रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन एकेक चौरस मैलाच्या चौकोनांत आखली आणि एकाआड एक चौकोन रेल्वे कंपनीला दिला. बुद्धिबळाचा पट समजा. पांढरी घरं सरकारची, काळी खाजगी. आता पांढऱ्या घरातून पुढच्या पांढऱ्या घरात जायचं तर कोपऱ्यावरूनच जावं लागणार, आणि त्या कोपऱ्याच्या हवेवरसुद्धा काळ्या घराचा मालक हक्क सांगतो. २०२१ साली मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी अशा कोपऱ्यावर शिडी लावून खाजगी जमिनीला पाय न लावता पलीकडे उडी घेतली. त्यांच्यावर खटला झाला, ते सुटले. मालकानं नुकसानभरपाईचा दावा लावला, आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. बांधाचं भांडण आपल्याकडंच असतं असं आम्ही समजत होतो.

भाऊ म्हणाला, "आपा, नानांना विचारा. त्यांचे अब्बा माळ निवडायचे ना?"

नानांचं वय नव्वदीला टेकलं आहे. त्यांनी स्वतः चित्त्याची शिकार पाहिलेली नाही. त्यांनी पाहिली ती रिकामी गाडी आणि बाजेचे चार पाय. बाकी सगळं अब्बांकडून ऐकलेलं. पण ऐकलेलं इतक्या वेळा की त्यात आता शब्दाचाही फरक पडत नाही.

कोल्हापूरचे चित्ते आफ्रिकेतले. हिंदुस्थानातले चित्ते तोवर इतके कमी झाले होते की संस्थानिकांना ते बाहेरून आणावे लागत. १९१८ ते १९४५ या काळात असे किमान दोनशे चित्ते आले, आणि कोल्हापूर व भावनगर ही त्यात पुढं असलेली संस्थानं. शाहू महाराजांनंतर १९२२ ते १९४० या काळात राजाराम महाराजांची कारकीर्द झाली, ज्यांच्या नावानं आमची राजारामपुरी आहे. नानांच्या अब्बांची नोकरी त्या काळातली. चित्ता पिंजऱ्यात नसायचा. तो बाजेवर बसायचा, कमरेला दोरी आणि शेजारी चित्तेवान. माणसांची, गर्दीची सवय व्हावी म्हणून त्याला माणसांतच ठेवायचे. शिकारीच्या दिवशी डोळ्यांवर कातडी टोपी चढवायची, गाडीत बसवायचं आणि माळावर न्यायचं. आदल्या दिवशी त्याला खायला घालायचं नाही. काळविटांचा कळप दिसला की गाडी सरळ त्याच्यावर न्यायची नाही. तिरकी, घेर घेत न्यायची, जणू आपण दुसऱ्याच गावाला निघालो आहोत. पुरेसं जवळ गेलं की टोपी काढायची, काळा नर दाखवायचा आणि दोरी सोडायची. पुढचं सगळं तीन-चारशे मीटरच्या आत. तेवढ्यात सापडला तर सापडला, नाहीतर चित्ता खाली बसतो आणि त्या दिवशी पुन्हा उठायचं नाव घेत नाही. सापडला तर चित्ता गळा धरून बसतो, चित्तेवान सुरी घेऊन पळत जातो, जनावर हलाल करतो आणि चित्त्याला त्याचा वाटा देतो. तोंडातली शिकार सोडवायची म्हणजे आधी हातातलं द्यावं लागतं.

मग माळ कुठला निवडायचा? हा प्रश्न शिकारीला निघणाऱ्या सरदाराला पडत नसे. तो गाडीवानाला, चित्तेवानाला आणि पारध्याला पडे.

पहिली गोष्ट पावसाची. कोल्हापूर जिल्हा नकाशावर लहान, पण पश्चिमेला गगनबावड्यात पाऊस पाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात आणि पूर्वेला शिरोळकडं जेमतेम पाचशेच्या आसपास. पश्चिमेला दाट जंगल, तिथं गवा. म्हणून दाजीपूरचं रान गव्याच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, आणि १९५८ साली तेच अभयारण्य झालं. काळवीट असल्या ओल्या रानात उभं राहत नाही. त्याला पूर्वेचा कोरडा माळ लागतो, जिथं चारी बाजूंनी दूरवर दिसतं. तेव्हा अर्धा जिल्हा असाच बाद झाला.

उरलेल्या अर्ध्यात नानांच्या अब्बांचे हिशेब सुरू व्हायचे. माळ मुरमाचा हवा, पण दगडगोट्यांचा नको. चित्त्याचा तळपाय फाटला की महिनाभर तो बाजेवरच. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाय अडकला तर बैलाचा मोडतो, चित्त्याचा काय घेऊन बसलात. मध्ये ओढा नको, घळ नको. कुसळीचं गवत गुडघ्याच्या वर गेलं असेल तर तो माळ पुढच्या महिन्यावर टाकायचा. वारा समोरून यायला हवा. आणि शेवटची अट ऐकून आम्ही चकित झालो: माळ निर्जन नको. ज्या माळावरून रोज बाजाराच्या, कडब्याच्या बैलगाड्या जातात तोच माळ चांगला. तिथल्या कळपाला गाडी म्हणजे गाडीच वाटते. आडरानातल्या कळपानं गाडी कधी पाहिलेली नसते, तो मैलावरून उधळतो. "गाड़ी जाती सो माळ देख," हे नाना आजही असं म्हणतात की जणू उद्या गाडी जुंपायची आहे.

माणसाला फसवायचं असेल तर ओळखीचं रूप घ्यावं लागतं, हे काही काळविटालाच लागू नाही. पण ते असो.

फासेपारध्यांची गोष्टही नाना सांगतात. गवतात फास मांडून काळवीट धरणारे हे लोक. पाळलेल्या नराच्या शिंगांना फास बांधून त्याला कळपात सोडायचे. कळपातला नर भांडायला आला की शिंगं गुंतायची. कळप कुठं आहे, परवा कुठं होता, उद्या पाण्याला कुठं उतरेल, हे त्यांना विचारल्याशिवाय शिकारखान्याची गाडी हलत नसे. इंग्रज सरकारनं ज्या जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला त्यांत पारधी होते. शाहू महाराजांनी त्यांची हजेरी बंद केली, त्यांना सोनतळीला वसवलं, कामं दिली. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आजही 'चिता पारधी' असं नाव आहे. चित्ता गेला, यादीत एक त गमावून राहिला.

शिकारीच्या जुन्या फोटोंत महाराज असतात, पाहुणे असतात, साहेब असतो. जनावर पुढ्यात असतं. गाडीच्या चाकाला हात लावून एक फेटेवाला उभा असतो, त्याचं नाव खाली लिहिलेलं नसतं. आमच्याकडं असा एकही फोटो नाही. असता तर त्यातले पणनाना कोणते, हे सांगायला आता फक्त नाना आहेत.

हे सगळं ऐकून भाऊ खूश झाला. नानांनी त्याला थांबवलं. "मेरे अब्बा का माळ तेरे काम का नै." चित्त्याला सपाट माळ हवा, कारण त्याला धावायचं आहे. बंदूकवाल्याला जवळ सरकायचं आहे, त्याला आडोसा हवा, थोडा चढउतार हवा, ओढ्याची कड हवी. निवड उलटी झाली. प्रश्न मात्र तेच राहिले, आणि नानांनी ते एकामागोमाग एक विचारले. घास किती? पाणी कुठं? वारा कुठून? तार आहे का? प्राँगहॉर्न तारेवरून उडी मारत नाही, खालून सरपटत जातं, हे भावानं सांगितलं तेव्हा नाना हसले. आमचं काळवीट तर हवेत उडतं, म्हणाले. आणि शेवटी विचारलं, "माळ किसका है?"

याच वेळी आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत दुसराच वाद चालू होता, आणि त्याला आम्हीच कारण. गोळीनं मेलेलं जनावर हलाल का? अरबी शिकवणाऱ्या मौलानासाहेबांनी सांगितलं ते असं. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या जनावराकरवी केलेल्या शिकारीची परवानगी आहे, सोडताना अल्लाहचं नाव घ्यायचं. जिवंत हाती लागलं तर जबह करायचंच. म्हणजे नानांच्या अब्बांच्या चित्त्याला रस्ता मोकळा होता. गोळीचं तसं नाही. बाणाला धार असते, गोळी आघातानं मारते, म्हणून बहुतेक हनफी उलेमांच्या मते गोळीनं जीव गेला तर ते खाता येत नाही. जीव असताना पोचून सुरी फिरवली तरच चालतं. काही आलिम बिस्मिल्लाह म्हणून झाडलेली गोळी मान्य करतात. आमच्या एका तरुण सहकाऱ्यानं त्यांची बाजू घेतली आणि मधली सुट्टी संपेपर्यंत दोघांनी चहाला हात लावला नाही. निव्वळ करमणुकीसाठी जीव घेणं बरं नाही, यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

भाऊ मौलानासाहेबांच्या मताचा निघाला. त्यामुळं माळाचा प्रश्न एकदम बदलला. आता नुसतं जनावर दिसून भागणार नव्हतं. गोळी लागल्यावर ते शंभर-दोनशे पावलं जाणार, आणि तिथंवर जीव असेपर्यंत पोचायला हवं. मध्ये तार आली, तारेपलीकडे दुसऱ्याची जमीन आली, तर परवानगीशिवाय पाय टाकता येत नाही. जनावर पलीकडे तडफडून मरणार आणि हा अलीकडे सुरी घेऊन उभा राहणार. बुद्धिबळाच्या पटावर तर हे ठरलेलंच. तिसरा भाग बाद झाला तो असा. न्यायालयानं माणसाला कोपऱ्यावरून जायला मोकळीक दिली, जखमी हरीण कोपरा बघून पळत नाही.

दुसऱ्या भागाचं नानांनीच संपवलं. त्यांचे अब्बा सांगायचे, ज्या माळावर दुष्काळानं कळप बसला त्या माळावर दोन साल गाडी न्यायची नाही, महाराजांनी विचारलं तरी दुसरा माळ सुचवायचा. बर्फानं मेले काय आणि दुष्काळानं मेले काय.

राहिला पहिला भाग, खाजगी जमिनीचा. भाऊ मे महिन्यात दोनदा तिथं जाऊन आला. दोन मालकांनी पैसे मागितले, तेही बरेच. तिसऱ्यानं विचारलं की तू कोण, कुठला, मांस कशाला हवं. यानं सगळं सांगितलं, सुरीचंही सांगितलं. त्या म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तार दुरुस्तीला दोन दिवस ये, मग ये शिकारीला. भावानं दोन शनिवार तार ओढली. हाताचे फोड व्हिडिओवर दाखवले तेव्हा खाला रडल्या.

पण एक गोष्ट नानांना शेवटपर्यंत पटली नाही. त्या भागात नराचे परवाने थोडे, मादीचे जास्त. शेतात, कुरणात हरणं फार झाली की मालक तक्रार करतात, आणि कळप कमी करायचा तर मादीच मारावी लागते, असं तिथलं गणित. भावाला शिंगं नको होती, मांस हवं होतं. त्यानं मादीचा परवाना मागितला आणि तो सोडतीत मिळाला. नाना म्हणाले, "मादी मारते? फिर माळ पे रैंगा क्या?" कोल्हापूरच्या चित्त्याला काळा नरच धरायला शिकवलेलं होतं. त्यानं मादी धरली तर त्याला वाटा द्यायचा नाही, हा शिकारखान्याचा दस्तूर. भावानं गणतीचे आकडे सांगितले, कळप कसा वाढला ते सांगितलं. नानांनी ऐकलं आणि विषय बदलला. आम्हाला विचाराल तर भावाचं गणित बरोबर आहे, आणि तरी नानांचा दस्तूर आम्हाला जास्त पटतो. दोन्ही एका वेळी कसं, ते आम्हाला सांगता येत नाही.

शिकार करू नये असा माळ कुठला, हा प्रश्नही आपल्याकडं जुना आहे. मक्केच्या हरमच्या हद्दीत शिकार नाही, हरणाला हुसकावणंसुद्धा नाही. आणि इहराम बांधलेल्या माणसाला तर हाताशी आलेलं हरीणही मना आहे, तीच त्याची परीक्षा. जहांगीर बादशहा जन्मभर शिकारीच्या मागं, पण त्याचं मनसराज नावाचं लाडकं काळवीट मेलं तेव्हा १६०७ च्या सुमारास त्यानं लाहोरजवळ शेखुपुऱ्यात त्याची कबर बांधली आणि फर्मान काढलं की या माळावर हरीण मारायचं नाही. इथल्या हरणाचं मांस हिंदूला गाईसारखं आणि मुसलमानाला डुकरासारखं. दोघांना एका वाक्यात गप्प बसवणारा असा हुकूम पुन्हा कुणी काढल्याचं आम्ही वाचलेलं नाही. तिथला हिरन मिनार अजून उभा आहे.

कोल्हापूरला असं फर्मान निघालं नाही, आणि निघायची गरजही उरली नाही. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पणनाना पुढं लक्ष्मीपुरीत धान्याच्या बाजारात बैलगाडी हाकू लागले. बैल तेच. १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. १९७२ च्या कायद्यानं काळविटाला संरक्षण मिळालं. पण कायदा आला तोवर पूर्वेच्या माळांवर नदीचं पाणी चढू लागलं होतं. उपसा योजना आल्या, साखर कारखाने आले आणि कुसळीच्या जागी ऊस उभा राहिला. उसात काळवीट जगत नाही. त्याला दूरवर दिसायला लागतं. उसानं आमच्या लोकांच्याही घरात चार पैसे आणले, तेव्हा उसाला बोल लावायला आमची जीभ उचलत नाही. गोळीनं जेवढे गेले नसतील तेवढे कळप नांगरानं गेले, एवढंच.

आमच्या वर्गात काळवीट म्हटलं की पोरं एका सुरात सलमान खान म्हणतात. १९९८ च्या त्या खटल्यामुळं ते एवढं तरी ओळखतात. उर्दू शायरीत हरणाचे डोळे जागोजागी आहेत, दश्तही आहे, पण त्या दश्तात गवत किती उंच हे कुणी शायर सांगत नाही. म्हणून आम्ही सहल सागरेश्वरला नेली. सांगली जिल्ह्यातलं हे अभयारण्य माणसांनी उघड्या डोंगरावर झाडं लावून उभं केलं, १९८५ साली त्याला दर्जा मिळाला. तारेच्या आत सांबर, चितळ आणि काळवीट आहेत. एक काळा नर रस्ता ओलांडून गेला. पोरं ओरडली, तो उधळला. खरा माळ बघायचा तर अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला जायला हवं. ते अभयारण्य १९८० सालचं, क्षेत्र अवघं २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्यात चित्त्याची गाडी एक घेर घेऊन संपेल.

१७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते कुनोला आले तेव्हा नाना टीव्हीसमोर बसून होते. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. नानांनी एकच विचारलं, "बाज किधर है?"

सहलीनंतर आठवीच्या मुलांना आम्ही एक काम दिलं. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारून जुन्या माळांची नावं आणायची, आणि नाव कुठल्या जागेचं ते नकाशात दाखवायचं. पहिल्या आठवड्यात सतरा नावं आली. त्यातली काही आता वसाहतींची नावं आहेत, काही उसाच्या शेतांची, एकावर औद्योगिक वसाहतीचं गोदाम आहे. चार नावं नकाशात कुठंच बसेनात. त्यातलं एक नानांनी दिलेलं, 'दो झाड़ का माळ'. कुठली दोन झाडं, कुठल्या गावच्या शिवेत, त्यांना सांगता येईना. अब्बा तेवढंच म्हणायचे. एक मुलगी म्हणाली, टीचर, मग हे खोडायचं का? आम्ही ते ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचा फोन आला. आणखी एक गोष्ट आठवली होती: त्या माळावर गाडी नेहमी पूर्वेकडून घालायचे, कारण वारा पश्चिमेचा. हे मुलांना लिहून घ्यायला सांग, म्हणाले. नावापुढं ते आम्ही लिहून घेतलं आहे.